विश्वासांक

रोज सकाळी कामाला लागण्याआधी ऋजुता मयेकरला नकटीच्या नळीत श्वास सोडावा लागे. नकटी म्हणजे बाई नव्हे, यंत्र. कारखान्याच्या कागदांत तिचं नाव 'घ्राण' असं भारदस्त होतं, पण कोळंबी सोलणाऱ्या बायकांनी पहिल्याच आठवड्यात तिचं दुसरं बारसं करून टाकलं. छताला ठिकठिकाणी चिकटवलेल्या नाण्याएवढ्या चकत्या, त्या अष्टौप्रहर हवा हुंगणार, आणि नाक मात्र कुठेच नाही. मग नकटीच की. बसवताना दोनदा वीज गेली, एकदा उंदरांनी तारा कुरतडल्या, तेव्हा नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणत सगळी शेड खो खो हसली होती.

रत्नागिरीच्या खाली, खाडीच्या तोंडाशी असलेल्या या मासळीच्या कारखान्यात ऋजुता गंधपरीक्षक होती. कोळंबी ताजी आहे की विटायला लागली आहे, हे ती नुसत्या वासावरून सांगे. मत्स्यविज्ञानाची पदवी होती तिच्याकडे, पण असलं नाक पदवीबरोबर मिळत नाही. ते वडिलांकडून आलं होतं. वडील बाजारात शिरताना नाक वर करून 'आज पापलेट जुनं आहे' म्हणायचे आणि कोळणींच्या शिव्या खायचे.

त्या सकाळी नळीत श्वास सोडताना तिचं लक्ष नव्हतं. चहाला पुन्हा तांब्याची चव लागली होती आणि येताना बसमध्ये इतका गाढ डोळा लागला होता की कंडक्टरने हाक मारून उठवलं. पित्त झालंय, दुसरं काय, असं स्वतःला सांगत तिने पडद्यावर 'नोंद झाली' वाचलं, टोपी-मास्क चढवला आणि ती सोलायच्या शेडमध्ये शिरली.

मास्क बाजूला करून पहिला श्वास घेतला आणि ती जागीच थांबली.

अमोनिया. ज्याने एस.टी. स्टँडच्या मुतारीत कधी पाऊल टाकलंय त्याला या वासाची ओळख करून द्यावी लागत नाही. पण मासळीच्या कारखान्यात तो दोन वाटांनी येतो. मासळी सडायला लागली की ती थोडा अमोनिया सोडते, आणि शीतगृह थंड ठेवणाऱ्या पाइपांतूनही अमोनियाच खेळत असतो. पहिला वास ओंगळ, पण निरुपद्रवी. दुसरा बाहेर पडला तर डोळे आणि फुप्फुसं जाळतो. ऋजुताला दोन्हींतला फरक झोपेतही कळला असता. मासळीच्या वासाला अंग असतं. या वासाला अंगच नव्हतं, नुसती धार होती.

"चाची, वास येतोय का कसला?" तिने पहिल्या टेबलावरच्या हलिमाचाचीला विचारलं. हलिमा होडेकर म्हणजे या शेडची अनभिषिक्त राणी. तिची सुरी थांबली तर शेड थांबे.

"कसला गो? कोलंबीचा?" हलिमाचाची हसली. "तो आता घरच्या भातालाबी येतो."

ऋजुता बाहेर गेली, खाडीचा वारा दोनचारदा छातीत भरून घेतला आणि परत आत आली. वास होता. टोकाच्या भिंतीकडे जरा जास्तच होता. वर नकटीच्या चकत्यांतला हिरवा दिवा शांतपणे जळत होता. तिने हातातल्या यंत्रावर खूण केली: अमोनिया, पाइपचा, टोकाची भिंत.

एरवी अशी खूण केली की नकटी पिवळी व्हायची, पुन्हा हुंगा म्हणायची, हजार प्रश्न विचारायची. आज तिने फक्त लिहिलं, 'नोंद घेतली. धन्यवाद.' यंत्राने धन्यवाद म्हटलं की समजावं, आपल्याला वाटेला लावलंय. ऋजुता तडक कंट्रोल रूमकडे निघाली.

कंट्रोल रूममध्ये निषाद होता. निषाद तिचा नवरा आणि नकटीचा पालक. नकटी त्यानेच बसवली, त्यानेच शिकवली. गेला आठवडाभर तो असा काही गुणी वागत होता की ऋजुताला संशय यायला लागला होता, याने काहीतरी भानगड केली असावी. पाण्याची बादली उचलू देईना, सकाळी उठून लिंबू कापून ठेवी, स्कूटरवरून न्यायला नको म्हणून तिला बसने पाठवी. आत्ताही ती आत आल्याबरोबर त्याने खुर्ची पुढे केली.

"बसायला नाही आले मी. सोलायच्या शेडमध्ये पाइपचा अमोनिया आहे. शेड रिकामी कर."

निषादने पडद्याकडे पाहिलं. "हवा साफ आहे, ऋजू."

"नकटीला साफ वाटतेय. मला नाही."

"तू जरा बस. सरबत मागवू? तुला आजकाल..." तो थांबला.

"मला आजकाल काय?"

तो उगाच माऊस फिरवत राहिला. ऋजुताने त्याच्या खांद्यावरून पडदा पाहिला. तिथे गंधपरीक्षकांची नावं होती आणि प्रत्येक नावापुढे विश्वासांकाची पट्टी. मोडकांची पट्टी राखाडी होती, कारण ते मुलीच्या लग्नासाठी रजेवर होते. तिची स्वतःची, जी नेहमी वरच्या टोकाला टेकलेली असायची, ती आज तळाला चिकटली होती.

ही पट्टी म्हणजे काय ते सांगायला हवं. यंत्राला वास मोजता येतो, पण 'नेहमीची हवा' म्हणजे कुठली, हे त्याचं त्याला कळत नाही. चकत्यांवरचा पातळ थर दमट हवेत हळूहळू बदलत जातो. काल जे शून्य होतं ते आज शून्य राहत नाही. म्हणून नकटी मागच्या काही दिवसांची सरासरी काढून आपलं शून्य पुन्हापुन्हा नव्याने मांडते. यात एक धोका असतो. एखादा वास अगदी हळूहळू वाढत गेला, तर यंत्र त्यालाच नेहमीची हवा समजून बसतं. तो धोका टाळायला माणसाचं नाक ठेवलेलं असतं. बाहेरच्या हवेतून ताजं होऊन आत येणारं नाक म्हणतं, 'ही हवा साफ नाही, हिला शून्य धरू नकोस.' पण नाकही माणसाचंच. त्याला सर्दी होते, त्याच्या धन्याने रात्री दारू प्यालेली असते. म्हणून सकाळची नळी. श्वासातून नकटी नाकाची तब्येत ओळखते आणि आज या नाकावर किती भरवसा ठेवायचा ते ठरवते.

"मला सर्दी नाही," ऋजुता म्हणाली. "दारू मी पीत नाही. माझी पट्टी कुणी खाली आणली?"

"नकटीने. आपोआप."

"कारण दाखव."

"कारण लपवलेलं असतं अशा वेळी."

"कशा वेळी?"

निषादने खुर्ची तिच्याकडे वळवली. त्याचे डोळे भरून आले होते.

"तुझ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड कमी झालाय," तो हळू म्हणाला. "श्वास थोडा जास्त गरम आहे आणि पाळीच्या तोंडावर ही ऊब उतरायला हवी होती, ती उतरली नाही. प्रोजेस्टेरॉन हार्मोन वाढलं की बाई नकळत जास्त श्वास घेते. इतर कशात हे सगळं एकदम होत नाही. ऋजू, तुला दिवस गेलेत."

ऋजुता खुर्चीवर बसली. तांब्याच्या चवीचा चहा, बसमधली झोप, घट्ट वाटणारा ब्लाउज, परवा टीव्हीवरची बिस्किटांची जाहिरात बघून आलेलं रडू, सगळं एकेक करून जागेवर जाऊन बसलं. तिचं महिन्याचं गणित मागच्या वेळेपासून विस्कटलेलंच होतं, म्हणून चुकलेल्या तारखेचं तिला काही वाटलं नव्हतं. आनंद असा उसळून आला की तिने तोंडावर हात धरला. आणि त्या आनंदाला लागूनच दुसरा प्रश्न आला.

"तुला कधी कळलं?"

"मागच्या आठवड्यात."

"आणि मला?"

"ऋजू, मागच्या दोन्ही वेळा..."

मागच्या दोन्ही वेळा. पहिलं दोन महिन्यांत गेलं. दुसऱ्या वेळी सासूबाईंना धीर निघाला नाही, गल्लीभर पेढे वाटले, आणि पंधरवड्यात तेही गेलं. लोक दारात सांत्वनाला आले ते कुजबुजत गेले, तीन महिन्यांच्या आत सांगायचं असतं का, दृष्ट लागते. सासूबाई मनात खचल्या, त्यानंतर त्यांनी पेढ्याला हात लावला नाही. ऋजुता सायन्सची बाई, दृष्ट वगैरे मानत नव्हती. पण तिसऱ्यांदा दिवस गेलेच तर तीन महिने कुणाला, अगदी देवालाही सांगायचं नाही, असं तिने स्वतःशी ठरवून टाकलं होतं.

"नकटी बसवताना कारखान्याच्या महिला समितीनेच म्हटलं होतं," निषाद सांगत होता. "अशी गोष्ट कुणाला कळता कामा नये. मीही म्हटलं बरोबर आहे. तीन महिने कुणाला सांगायचं नाही. तेच मी यंत्राला शिकवलं. विश्वासांक गुपचूप उतरेल, पण कारण तीन महिने दिसणार नाही. कुणालाच."

"कुणालाच म्हणजे जिला दिवस गेलेत तिलासुद्धा नाही?"

"ते..." निषाद चाचरला. "ते लक्षातच आलं नाही. तिला माहीत असणारच, असं धरून चाललो. मला दिसलं ते आतली नोंद तपासताना. मग वाटलं, आता सांगितलं आणि पुन्हा काही झालं तर? नकळत असेल तर निदान दुःख तरी..."

"माझं पोट, माझं दुःख, आणि राखणदार तू आणि नकटी," ऋजुता म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि निषादला त्याचीच जास्त भीती वाटली.

"पण म्हणूनच म्हणतोय, तो वास... गरोदरपणात नाक असं करतं. नसलेले वास येतात. डोहाळेच म्हण ना."

तिला वाटलं, याच्या थोबाडीत द्यावी. पण त्याच क्षणी तिची स्वतःची खात्री डळमळली, हे तिने नंतर कबूल केलं. गरोदर बाईचं नाक खरंच तिखट होतं की फक्त वास तिला जास्त सोसत नाहीत, यावर तिनेच वाचलेल्या संशोधनांत एकमत नव्हतं. कुणाच्या बाजूने कौल द्यावा ते न कळून निषादने नकटीला सरळ पट्टी खाली आणायला शिकवलं होतं. खरंच नसेल का तो वास? हे पित्त, हे रडू, तसाच हा वास?

"तू घरी जा," निषाद अजिजीने म्हणाला. "रिक्षा बोलावतो. गळती नसेल तर काही बिघडणार नाही, आणि असेल तर तू इथे असताच कामा नये."

"असेल तर?" ऋजुता उठून उभी राहिली. "म्हणजे असेल असं तुला वाटतंय. माझ्यापुरतं वाटतंय, आत बसलेल्या बायकांपुरतं वाटत नाही?"

निषाद पडद्याकडे वळला.

"शून्य दाखव. टोकाच्या भिंतीवरच्या चकतीचं शून्य, गेल्या महिन्याभराचं."

त्याने रेघ काढली. रेघ महिनाभर सपाट होती. मागच्या आठवड्यात ऋजुताची पट्टी जिथे कोसळली होती, तिथून ती वर सरकायला लागली होती, रोज थोडी, रोज थोडी, आणि आज सकाळपासून जरा घाईने. मोडक रजेवर होते, ऋजुतावर भरवसा उरला नव्हता. नकटीला 'ही हवा साफ नाही' म्हणणारं कुणी राहिलंच नव्हतं. तिने विषाला शून्य मानलं होतं आणि शून्यापेक्षा जास्त काही नाही म्हणून ती हिरवी होती.

निषादच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "अगं आई," एवढंच तो म्हणाला आणि त्याने फोन उचलला.

कारखान्याचे व्यवस्थापक खातू साहेब गेटवर होते. निर्यातीचा कंटेनर दारात उभा, शेडमध्ये बर्फाखालची कोळंबी अर्धी सोलायची राहिलेली. फोन स्पीकरवर होता.

"नकटी काय म्हणते?" खातूंनी विचारलं.

"हिरवी आहे साहेब, पण तिचं शून्य सरकलंय. मॅडमना वास येतोय."

"मॅडमना बरं नाही ना? तूच म्हणालास परवा, त्यांच्या वासावर फार जाऊ नका. दोनदा असेच उठवलेत तुम्ही लोकांना यावर्षी, निघालं काय? काही नाही. माणूस पाठव गंधकाची कांडी घेऊन, जोड तपासू दे. गळतीपाशी धूर पांढरा झाला तर बघू. तोवर काम थांबता कामा नये."

फोन बंद झाला. ऋजुताने निषादकडे पाहिलं. "परवा म्हणालास?"

"बरं नाही एवढंच म्हटलं," तो पुटपुटला.

"पाइप छताच्या वर आहेत. कांडी घेऊन माणूस वर चढेपर्यंत वेळ जाईल. मी शेडमध्ये जातेय. तू गॅसचा मास्क चढव आणि मुख्य व्हॉल्व्हकडे जा."

"ऋजू, तू आत नको. बाळ..."

"आता आठवलं बाळ?" ती म्हणाली आणि निघाली. जिना उतरताना तिचा हात आपोआप पोटावर गेला. पळून जावं, रिक्षात बसावं, दार लावून घ्यावं, असं तिला फार वाटलं. दोनदा रिकाम्या झालेल्या बाईला हे वाटण्यात काही गैर नव्हतं.

शेडमध्ये पंख्यांचा घोंगाट होता. वास आता तिला दारातच लागला, डोळ्यांच्या कडा चुरचुरल्या. आतल्या बायकांना मात्र पत्ता नव्हता. तासन्‌तास एका हवेत बसलेलं नाक त्या हवेला सरावतं. नकटीचं झालं होतं तेच त्यांचंही झालं होतं.

"उठा! सगळ्या बाहेर चला! अमोनिया आहे!"

दोनचार माना वळल्या. एकदोघी अर्धवट उठल्या आणि हलिमाचाचीकडे बघून परत बसल्या.

"म्याडम, दिवा तर हिरवा हाय," हलिमाचाची म्हणाली. "मागल्या टायमाला मोडक सायबांनी उठवलं, आम्ही उठलो, नि खाडा आमच्याच नावावर लागला. आता दिवा लाल झाल्याबिगर आम्ही नाय उठणार. राग मानू नको."

"दिवा चुकलाय, चाची."

"दिवा चुकलाय नि तू बरोबर, ह्ये कशावरून?"

प्रश्न रास्त होता. ऋजुताकडे उत्तर एकच होतं, आणि ते तिने तीन महिने देवालाही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. टेबलांवर तिच्या गल्लीतल्या निम्म्या बायका होत्या. मागच्या वेळचे पेढे खाल्लेल्या, आणि मागाहून दारात कुजबुजलेल्याही. इथे तोंडातून शब्द गेला की संध्याकाळच्या आत तो सासूबाईंच्या कानावर पडणार. आणि यावेळीही काही झालं तर आयुष्यभर ऐकावं लागणार: भर शेडमध्ये बोंब मारलीन, मग काय होणार. दृष्ट मानत नसलेल्या ऋजुतालाही क्षणभर ती खरी वाटली.

तिने सुपरवायझरच्या टेबलावरचा माइक उचलला.

"मला दिवस गेलेत," ती म्हणाली. आवाज पंख्यांच्या वरून शेडभर गेला. "आजच कळलंय. तुमच्याआधी फक्त नवऱ्याला माहीत आहे. आणि मला इथे गॅसचा वास येतोय. तुम्हाला येत नाहीये, यंत्राला येत नाहीये, मला येतोय. आता उठा."

सुऱ्या थांबल्या. हलिमाचाचीने ऋजुताच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग तिच्या पोटावरच्या हाताकडे पाहिलं, आणि सुरी टेबलावर ठेवली.

"उठा गो!" ती ओरडली. "पोटुशी बाय काय सांगते ऐकलंव ना? माझ्या सलीमच्या टायमाला मला तीन घरांपल्याडची फोडणी लागायची, नि घरातली म्हणायची नाटकं करते. उठा! रेश्मा, बुट्टी टाक ती, कोलंबी पळून नाय जात!"

आणि शेड उठली. यंत्राने ज्या कारणासाठी ऋजुताचा शब्द काढून टाकला होता, त्याच कारणासाठी त्या बायकांनी तो उचलला. कुणी वाद घातला नाही. प्रत्येकीला आपापलं घर आठवलं असणार, आपापली फोडणी, आणि आपापली न ऐकली गेलेली गोष्ट.

"पदर, ओढणी ओली करा, नाकाला धरा!" ऋजुता माइकवर सांगत होती. "धक्क्याकडे चला, वाऱ्याच्या तोंडावर! गेटकडे नको!"

शेवटच्या दोघी दाराबाहेर पडल्या तेव्हा हलिमाचाचीने ऋजुताच्या हातातला माइक काढून घेतला आणि तिला दंडाला धरून अक्षरशः ओढत बाहेर नेलं. धक्क्यावर पोचून ऋजुता खाली बसली, तोच शेडमधून एखादा मोठा कुकर सुटावा तसा आवाज आला. टोकाच्या भिंतीवरून पांढरं धुकं उतरलं, टेबलं गिळत पुढे आलं आणि दारांतून बाहेर लोळू लागलं. वर सगळे दिवे एकदम लाल झाले. नकटी जिवाच्या आकांताने कोकलायला लागली.

"आता बोंबलते मेली," कुणीतरी म्हणालं. कुणीच हसलं नाही.

ऋजुता बायका मोजत नव्हती, बायकांची मोजदाद हलिमाचाची करत होती. ऋजुता त्या धुक्याकडे बघत होती. निषाद आत होता. मुख्य व्हॉल्व्ह यंत्रघरात, यंत्रघर शेडच्या मागे. आपण त्याला शेवटचं काय बोललो ते तिला आठवलं. धुक्याचा आवाज हळूहळू बसला, फुसफुशीवर आला, थांबला. तरी तो येईना. मग यंत्रघराच्या बाजूने एक माणूस भिंतीला धरत बाहेर आला, मास्क ओढून काढला आणि गुडघ्यांवर बसून खोकू लागला. ऋजुता धावली नाही. हलिमाचाचीने तिला धावूच दिलं नाही. रेश्मा आणि दुसऱ्या दोघी पाण्याची बादली घेऊन गेल्या आणि त्याच्या डोळ्यांवर पाणी ओतत राहिल्या.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ऋजुताला तपासलं. वास लागला तो फार थोडा, घाबरू नका, पण इतक्या लवकर मी कसलंच वचन देणार नाही, पुढच्या आठवड्यात बघू, असं त्या म्हणाल्या. निषादला ऑक्सिजन लावून ठेवलं होतं. ऋजुता त्याच्या पलंगाशी बसली.

"मी बदलतो ते," मास्कमधून तो म्हणाला. "गरोदर बाईचा विश्वासांक खाली नाही, वर नेतो. सगळ्यांच्या वर."

"वरखाली नंतर कर. आधी जिची गोष्ट तिला सांगायचं शिकव त्या यंत्राला. आणि तूही शिक."

त्याने मान डोलावली. ती अजून रागावलेली होती आणि पुढेही बरेच दिवस रागावलेली राहणार होती, पण तिने त्याचा हात सोडला नाही.

घरी जाताना तिला खरी धास्ती होती ती सासूबाईंची. बातमी तिच्याआधी पोचली असणारच. दार उघडलं तेव्हा त्या ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या, ओट्यावर आमटीची तयारी होती.

"चौघींचे फोन आले," त्या वळून न बघता म्हणाल्या.

"आई, तीन महिने व्हायच्या आत सांगायला नको होतं, मला माहीत आहे. पण..."

सासूबाई वळल्या. त्यांनी तिला नखशिखांत पाहिलं. "मागल्या खेपेस मी पेढे वाटले," त्या म्हणाल्या, "तेव्हापासून मला वाटतं ते माझ्यामुळे गेलं. रोज वाटतं. आज तुझ्यामुळे एवढ्या जणी घरी गेल्या. आता यावेळी काय व्हायचं ते होईल गो, पण तोंड उघडलंस म्हणून होणार नाही. जा, पड जरा."

ऋजुताला रडू आलं, आणि ते जाहिरातीवरचं नव्हतं. ती आतल्या खोलीत जाऊन आडवी झाली. उशीचा अभ्रा, खिडकीतला तुळशीचा वास, खाडीकडून येणारा दमट वारा, सगळं तिला आज वेगवेगळं लागत होतं. निषादच्या धाकट्या बहिणीचं, केतकीचं, बाहेरच्या खोलीत फोनवर बोलणं चाललं होतं. स्वयंपाकघरात तेल तापत होतं, मोहरी पडली.

"आई," ऋजुता आतून म्हणाली, "काहीतरी जळतंय."

केतकीने फोनवरून तोंड काढून हवा हुंगली. "कुठे काय, वहिनी? मला तर काहीच नाही येत."

स्वयंपाकघरात गॅसचं बटण बंद झाल्याचा आवाज आला. मग सासूबाईंनी विचारलं, "काय जळत होतं गो?"